वेल्के, वेल्का, वेल्कीख

प्रागमध्ये पाऊल टाकल्यावर पहिल्या दिवशी कानावर पडतात त्या चार शुभेच्छा. दुपारी 'दोब्री देन', सकाळी 'दोब्रे रानो', झोपताना 'दोब्रोउ नोत्स', जेवताना 'दोब्रोउ खुत्य'. चारही ठिकाणी विशेषण एकच: चांगला. देन म्हणजे दिवस, पुल्लिंगी. रानो म्हणजे सकाळ, नपुंसकलिंगी. नोत्स म्हणजे रात्र आणि खुत्य म्हणजे चव, दोन्ही स्त्रीलिंगी. मग स्त्रीलिंगी रूप 'दोब्रा' असायला हवं, हे 'दोब्रोउ' कुठून आलं? तर त्याच्या मागे 'मी तुम्हाला चिंतितो' हे क्रियापद लपलेलं आहे. रात्र इथे कर्म आहे. क्रियापद बोलायचं सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलं, विशेषणाने मात्र कर्माची विभक्ती सोडली नाही. (देन आणि रानो हीसुद्धा कर्मंच आहेत. त्यांच्याकडे पोशाखाची दुसरी जोडी नाही, एवढंच.)

*

देवनागरीत चेक लिहिताना होणारी तारांबळ आधीच कबूल करतो. चेकमध्ये ह्रस्व आ आणि दीर्घ आ वेगळे आहेत, ए आणि ओ यांचंही तसंच. आपल्याकडे त्यासाठी चिन्हं नाहीत. 'र्झ' हा उच्चार तर लिहून दाखवण्याचा नाहीच, र आणि झ एकाच दमात म्हणून बघा. जिथे लांबी महत्त्वाची आहे तिथे तसं सांगेन.

*

मराठी माणसाला चेक शिकताना एक फायदा मिळतो आणि त्याची त्याला कल्पना नसते. वर्गात इंग्रजी-भाषक विद्यार्थी 'टेबल पुरुष का?' म्हणून डोकं धरून बसतात. आपण तीन लिंगं घेऊनच जन्माला आलेलो. खुर्ची ती का आणि टेबल ते का, हे आपण आईलाही कधी विचारलं नाही.

फायदा इथेच संपतो. मराठीत विशेष्याला विभक्ती लागली की विशेषण 'या' लावून मोकळं होतं. चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीने, चांगल्या घरात, चांगल्या माणसांशी. लिंग गेलं, वचन गेलं, सगळ्यांना एकच 'चांगल्या'. ही आपल्याला मिळालेली सार्वत्रिक माफी आहे. चेकमध्ये माफी नाही. 'म्लादी' म्हणजे तरुण. त्याची रूपं: म्लादी, म्लादेहो, म्लादेमु, म्लादेम, म्लादीम, म्लादा, म्लादे, म्लादोउ, म्लाद्यी, म्लादीख, म्लादीमि. अकरा झाली. मराठी 'चांगला'ची मी बोटं मोडून मोजली: चांगला, चांगली, चांगलं, चांगले, चांगल्या. एका हातात मावली.

*

विभक्त्यांना चेक लोक आपल्यासारखेच क्रमांक देतात. पहिली, दुसरी, तिसरी, अशा सात. आपल्या प्रथमा-द्वितीयेच्या सवयीने मी खूश झालो आणि पहिल्या चाचणीत आपटलो. त्यांची दुसरी म्हणजे आपली षष्ठी. तिसरी म्हणजे आपली चतुर्थी. चौथी म्हणजे द्वितीया. पाचवी संबोधन. सहावी म्हणजे आपली सप्तमी, आणि सातवी म्हणजे तृतीया. पंचमीचं काम दुसरीनेच अंगावर घेतलंय. पहिली तेवढी दोघांकडे पहिली.

*

सगळीच विशेषणं इतकी त्रासदायक नसतात. 'यार्न्यी' म्हणजे वसंतातला. तो वसंतातला दिवस, ती रात्र, ते हवामान, तिन्हींना यार्न्यी. शाळेत म्लादीच्या जातीला 'कठीण' आणि यार्न्यीच्या जातीला 'मऊ' म्हणतात. आपल्याकडेही काळा बदलतो आणि लाल बदलत नाही. फरक एवढाच, की आपलं 'लाल' खरोखर कशालाच जुमानत नाही. मऊ चेक विशेषण प्रथमेत गप्प बसतं आणि पुढच्या विभक्तीत उठतंच. कधीच न बदलणारी म्हणजे बाहेरून आलेली: सुपर, फाय्न, खाकी. पाहुण्यांना घरचे नियम लावू नयेत, हे त्यांनाही पटलेलं दिसतं.

*

बिअरच्या टेबलावरचं व्याकरण.

एक मोठी बिअर: येद्नो वेल्के पिवो. दोन: द्व्ये वेल्का पिवा. तीन आणि चारलाही तसंच. पाच झाल्या की: प्येत वेल्कीख पिव. म्हणजे पाचपासून पुढे बिअरला आणि तिच्या विशेषणाला षष्ठी अनेकवचन लागतं, 'मोठ्या बिअरींचे पाच' अशा थाटात. चारपर्यंत संख्या नामाच्या मागे चालते, पाचव्यापासून ती मालकीण होते. हे पुस्तकात तीनदा वाचून डोक्यात शिरलं नव्हतं. एका संध्याकाळी आम्ही चौघे होतो आणि पाचवा उशिरा आला, तेव्हा शिरलं.

सराईत गिऱ्हाईक 'पिवो' म्हणतच नाही. नुसतं 'वेल्के' म्हणतं. नपुंसकलिंगी एकवचन, मोठं. एवढ्यावर वेटर टेबलावरच्या कागदाच्या चिटोऱ्यावर एक रेघ ओढतो. चुकीच्या प्रत्ययालाही बिअर मिळते, हे नवशिक्यांसाठी नोंदवून ठेवतो.

*

चेकमध्ये पुल्लिंगाच्या दोन जाती आहेत, सजीव आणि निर्जीव. 'जुना किल्ला पाहतो' यात किल्ला निर्जीव, म्हणून 'विद्यीम स्तारी ह्राद', काहीही बदलत नाही. 'म्हाताऱ्या माणसाला पाहतो' म्हटलं की माणूस सजीव, म्हणून 'स्तारी'चं 'स्तारेहो' होतं. वर्गात सगळ्यांनी सुस्कारे टाकले. मी मात्र दचकलो, कारण हे आपणही करतो. 'मी जुना वाडा पाहिला', पण 'मी म्हाताऱ्या माणसाला पाहिलं'. वाड्याला 'ला' नाही, माणसाला आहे, आणि मागोमाग विशेषणही वाकतं. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, गरज पडली नाही.

उलट आपल्याकडे त्यात आणखी एक खोच आहे. 'मुलाला पाहिलं' आणि 'मुलगा पाहिला' यांतलं दुसरं वाक्य बहुतेकदा लग्नासाठी असतं. पसंत पडेपर्यंत त्याला 'ला' लागत नाही. चेकमध्ये असा दुजाभाव नाही. उपवर मुलगा तिथे पहिल्या भेटीपासून सजीव.

*

सजीव-निर्जीवाचं सगळ्यात चांगलं उदाहरण जगभर गेलेलं आहे. कारेल चापेकचं 1920चं नाटक, 'आर. यू. आर.'. 'रोबोट' हा शब्द त्यातूनच आला, आणि तो आपल्याला भाऊ योसेफने सुचवला, असं चापेकने स्वतः सांगून ठेवलंय. नाटकाचं चेक नाव उलगडून बघा: 'रोस्सुमोवि उनिवेर्झाल्नी रोबोति'. तीन शब्दांत दोन विशेषणं. 'रोस्सुमोवि' हे रोस्सुम या आडनावापासून केलेलं मालकीवाचक विशेषण, रोस्सुमचे. ('रोझुम' म्हणजे अक्कल. आडनाव तिथून घडवलंय.) 'उनिवेर्झाल्नी' मऊ जातीचं. आणि 'रोबोति' हे अनेकवचन सजीवाचं आहे, त्यामुळे 'रोस्सुमोवि'चा शेवटही सजीव. यंत्रमानव बंड करणार की नाही, हा प्रश्न नाटकात पुढे येतो. शीर्षकाच्या व्याकरणाने त्यांना आधीच जिवंत ठरवून टाकलेलं असतं.

चेक स्वयंपाकघरातल्या मिक्सर-फूड प्रोसेसरलाही रोबोतच म्हणतात. त्याचं अनेकवचन 'रोबोति' होत नाही, 'रोबोति'तला 'ति' कठीण उच्चारून वेगळा लिहितात, आणि नवीन असले तर विशेषणही निर्जीवाचं, 'नोवे'. नाटकातले नवीन यंत्रमानव 'नोवी'. कणीक मळणारा आणि माणूस मारणारा यांच्यातला भेद एका ए-ईवर आहे.

*

झाड निर्जीव. बर्फाचा माणूस सजीव. वाद घालण्यात अर्थ नाही.

*

ह्रस्व-दीर्घ हा आपल्याच पोरांचा छळ आहे अशी माझी समजूत होती. चेक पोरांना 'आय' आणि 'वाय'चा छळ आहे. दोन्हींचा उच्चार एकच, ई. एकाला मऊ म्हणतात, दुसऱ्याला कठीण. पत्राच्या सुरुवातीचा 'प्रिय' म्हणजे 'मिली'. प्रिय मित्रा, असं एकालाच लिहायचं असेल तर शेवटी कठीण ई. प्रिय मित्रांनो लिहायचं तर मऊ. कानाला काहीच फरक नाही. शुद्धलेखनाच्या वहीत लाल शाई मात्र सांडते. आपल्याकडे निदान 'दिन' आणि 'दीन' ऐकून कळण्याची आशा तरी असते.

आणि मऊ ई जवळ आली की आधीचं व्यंजनही विरघळतं. वेल्की (मोठा), अनेकवचनी माणसं वेल्त्सी. द्राही (महाग, लाडका), द्राझी. चेस्की, चेश्त्यी. दोब्री, दोब्र्झी. हे फक्त सजीव पुरुषांच्या वाट्याला. मोठ्या बायका, मोठे किल्ले साधे 'वेल्के' राहतात.

*

स्मेताना म्हणजे साय, क्रीम. बेद्र्झिख स्मेताना म्हणजे 'मा व्लास्त' हे सिंफनिक काव्यचक्र रचणारा संगीतकार. दोघांपासून विशेषण केलं तर अक्षरं तीच येतात, स्मेतानोवा. शेवटचा आ आखूड असेल आणि पहिलं अक्षर मोठं असेल तर ते 'स्मेतानाची' (रचना, गल्ली). आ लांब असेल तर 'सायीची' (सॉस, भाजी). नवख्या माणसाने 'मला स्मेतानोवा आवडते' म्हटलं, तर समोरच्याने मैफलीचं तिकीट काढावं की पळी हातात घ्यावी? मात्रेच्या लांबीचं एवढं वजन मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

*

व्यक्तीच्या नावापासून केलेलं विशेषण: कार्लूव्ह मोस्त, कार्लचा पूल. त्या पुलावर उभं राहिलात की 'ना कार्लोव्ये मोस्त्ये', पुलाबरोबर कार्लही सप्तमीत जातो. कार्लोवी वारी हे चित्रपट महोत्सवामुळे आपल्याला माहीत असलेलं गाव, नावात पंढरपूर असल्यासारखं वाटतं. 'वारी' म्हणजे उकळत्या पाण्याचे झरे. कार्लचे झरे.

ही सोय एकट्या माणसापुरतीच आहे. 'वडिलांचं पुस्तक' याला विशेषण चालतं, ओत्सोवा क्निहा. 'माझ्या वडिलांचं' म्हटलं की दोन शब्द झाले, विशेषण हात वर करतं आणि साधी षष्ठी वापरावी लागते. बायकांसाठी वेगळा प्रत्यय, इन: आईचा 'मात्चिन', आजीचा 'बाबिच्चिन'. बोझेना न्येम्त्सोवाच्या 1855 सालच्या 'बाबिच्का' (आजी) या कादंबरीचं ऋण म्हणून रातिबोर्झित्सेजवळच्या दरीचं नावच 'बाबिच्चिनो ऊदोली', आजीची दरी. माझं आवडतं चेक विशेषण हेच.

आणि काफ्का. 'काफ्कूव्ह' म्हणजे काफ्काने लिहिलेला. 'काफ्कोव्स्की' म्हणजे त्याच्या पुस्तकातल्यासारखा. मी व्हिसासाठी एका कार्यालयात तीन वेळा एकाच खिडकीवरून त्याच खिडकीवर परत आलो, ते दुसरं विशेषण.

*

आडनावं. नोवाकची बायको किंवा मुलगी नोवाकोवा. मुळात हे 'नोवाकची' असंच विशेषण. मार्तिना नावरातिलोवा आपल्याला याच रूपात माहीत झाली. परकीयांनाही सोडत नाहीत, इंदिरा गांधी चेक पुस्तकांत 'गांधीओवा' होतात. ज्यांची आडनावं मुळातच विशेषणं आहेत, त्यांचं सोपं: श्री. चेर्नी, सौ. चेर्ना. चेर्नी म्हणजे काळा.

आपले काळे. बाईही काळे, बुवाही काळे. आपण आडनाव आदरार्थी अनेकवचनात गोठवून टाकलं आणि प्रश्नच मिटवला. पण पाटलीण, जोशीण, कुलकर्णीण ही रूपं घरोघर होतीच, सरकारदरबारी तेवढी गेली नाहीत. चेक 'ओवा' दरबारी गेली आणि कायद्यात बसली. काही ठरावीक सवलती वगळता तिला पर्याय नव्हता. 1 जानेवारी 2022पासून कुठल्याही बाईला कारण न देता पुरुषी रूप घेता येतं. मला विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं. बाईचं विशेषण कुणाचं, हे बाईने ठरवावं. वर्गातल्या आमच्या बाईंना हे पटत नाही. त्यांच्या मते 'ओवा' नसेल तर आडनाव विभक्तीत चालवायचं कसं? व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं खरं आहे.

क्रेयची म्हणजे शिंपी. मऊ जातीचं. नवराही क्रेयची, बायकोही क्रेयची. शिंप्यांच्या घरी वाद नाही.

*

विशेषणावरून एक देश हलला, याची नोंद. जानेवारी 1990मध्ये चेकोस्लोवाकियाचा राष्ट्राध्यक्ष हावेल याने संसदेत सुचवलं, की देशाच्या नावातलं 'समाजवादी' काढून टाकू. एक विशेषण गाळायचं, पाच मिनिटांचं काम. पण नाव उघडलं आणि शेजारचं विशेषण हाताला लागलं. 'चेकोस्लोवाक' हा जोडशब्द स्लोवाकांना नको होता, मध्ये आडवी रेघ हवी होती. चेकांना रेघ नको होती. मार्चमध्ये तोडगा निघाला, चेकमध्ये रेघ नाही आणि स्लोवाकमध्ये आहे. तो महिनाभरही टिकला नाही. एप्रिलमध्ये नाव झालं 'चेक आणि स्लोवाक संघीय प्रजासत्ताक'. चेक नियमाने अशा नावात फक्त पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो. म्हणजे चेक मोठा आणि स्लोवाक छोटा! म्हणून नियम मोडून सगळेच शब्द मोठे केले. 31 डिसेंबर 1992 रोजी देशच संपला. रेघेमुळे नाही, पण रेघेत ते दिसलं होतं.

*

रसायनशास्त्र. हे वाचून मी वही मिटून जरा फेऱ्या मारल्या.

आपण शाळेत 'फेरस' आणि 'फेरिक' शिकलो. लोहाची संयुजा दोन की तीन, ते प्रत्ययावरून कळायचं. एकोणिसाव्या शतकात चेक पंडितांनी आपल्या भाषेत रसायनाची परिभाषा बांधायला घेतली आणि हा खेळ शेवटापर्यंत नेला. ऑक्सिडेशन अंक एक ते आठ, प्रत्येकाला विशेषणाचा स्वतंत्र प्रत्यय: नी, नाती, इती, इचिती, एच्नी किंवा इच्नी, ओवी, इस्ती, इचेली. पोरं हे पाढ्यासारखं म्हणतात. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे ओक्सिद उहेल्नाती, नाती म्हणजे दोन. कार्बन डायऑक्साइड म्हणजे ओक्सिद उह्लिचिती, इचिती म्हणजे चार. गंधकाम्ल: किसेलिना सीरोवा, ओवा म्हणजे सहा, आणि किसेलिना (आम्ल) स्त्रीलिंगी म्हणून 'ओवी'ची 'ओवा'. ('किसेली' म्हणजे आंबट. आपलं अम्लही आंबटच.) आठ क्वचित लागतो, ऑस्मियमसाठी.

विशेषण एरवी नामाच्या पुढे येतं, इथे मागे. प्राणी-वनस्पतींच्या नावांतही तसंच, घरगुती मांजर 'कोच्का दोमात्सी'. शास्त्राने क्रम उलटा ठेवला. पण लिंग सुटलं नाही. आणि गंमत ही, की प्रत्यय चुकला तर परीक्षक व्याकरणाचे नाही, रसायनाचे गुण कापतो.

*

नाम गळून गेलं आणि विशेषणच नाम झालं, अशांची यादी खिशात ठेवली आहे. यीझ्द्ने (प्रवासभाडं), व्स्तुप्ने (प्रवेश फी), स्प्रोपित्ने (टीप), कापेस्ने (खिशातला म्हणजे पोरांचा हातखर्च), दोवोलेना (सुट्टी, शब्दशः 'परवानगी दिलेली'). मांसाच्या दुकानात होव्येझी आणि वेपर्झोवे, गाईचं आणि डुकराचं. रविवारच्या जेवणात स्वीच्कोवा (सायीच्या सॉसमधलं गोमांस). आणि हॉटेलातला मुख्य वेटर: 'पाने व्रख्नी!', अहो वरचे!

परकं वाटायचं कारण नाही. 'दोन चमचे तिखट', 'जेवणात गोड काय?' आणि 'शहाण्याला शब्दाचा मार'. तिन्ही ठिकाणी नाम जेवायला आलेलंच नाही.

*

एक विशेषण असं, की ते वस्तूला लागत नाही, बोलणाऱ्याला लागतं. 'राद'. मला हे आवडतं असं पुरुष म्हणाला तर 'माम राद', बाई म्हणाली तर 'माम रादा'. जुन्या काळात बहुतेक विशेषणांना असं आखूड रूप होतं. आता 'झ्द्राव' (निरोगी) वगैरे पुस्तकी उरलीत, पण राद रोजच्या तोंडात. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हेही याने सांगतात. आपल्या वाक्यात प्रेम नपुंसकलिंगी आहे आणि कोण बोलतंय ते कळत नाही. तिकडे लपायला जागा नाही.

*

द्विवचन. संस्कृतात होतं, मराठीत उरलं नाही. चेकमध्ये ते डोळे, कान, हात, पाय यांच्यापुरतं शिल्लक आहे. 'निळ्या डोळ्यांनी': मोद्रीमा ओचिमा. इतर अनेकवचनात 'मोद्रीमि' म्हणायचं, डोळ्यांसाठी 'मोद्रीमा'. विशेषणानेही दोनपण जपलंय. आणि बोलीत उलटंच झालं, हा 'मा' डोळ्यांवरून सुटून सगळीकडे पसरला. प्रागच्या रस्त्यावर गाड्या, पोरं, बिअर, सगळ्यांना 'मा'.

बोलीचा विषय निघालाच आहे तर: दोब्री रस्त्यावर 'दोब्रेय' होतो आणि दोब्रे 'दोब्री' होतं. म्हणजे पुस्तकातलं पुल्लिंग रस्त्यावर नपुंसक. आपण 'चांगले' छापून 'चांगलं' बोलतो, तसंच, पण त्यांच्या बोलीला छापखान्यात अजून आपल्याइतकी उठबस नाही.

*

शेवटचं टिपण जाण्याच्या रस्त्याचं. प्रागच्या मेट्रोच्या ए मार्गावर बरीच स्थानकं नुसती विशेषणं आहेत: स्तारोम्येस्त्स्का, मालोस्त्रान्स्का, ह्राद्चान्स्का, देय्वित्स्का. सगळी स्त्रीलिंगी, कारण गळलेलं नाम 'स्तानित्से' (स्थानक) स्त्रीलिंगी. देय्वित्स्काचं नाव 1990पर्यंत 'लेनिनोवा' होतं. माणसाचं विशेषण काढून गावाचं लावलं, लिंग तेच ठेवलं. तिथे उतरलात तर तंत्रविद्यापीठाच्या दिशेने थोडं चाला. स्थापत्य विद्याशाखा ज्या रस्त्यावर आहे त्याची पाटी वाचा: ठाकुरोवा. रवींद्रनाथ ठाकूरांचा रस्ता. शेवटचा आ आखूड आहे, कारण तो मालकीचा. आणि ठाकूर स्त्रीलिंगी झाले आहेत, कारण 'उलित्से', रस्ता, चेकमध्ये ती आहे.